पगार नको, खुराक द्या

म्हाताऱ्या माणसाची काळजी घ्यायला प्रेम लागतं, सेवाभाव लागतो, असं कीर्तनकार सांगतात. त्यातल्या एकाही कीर्तनकारानं आमच्या अप्पांना उचलून पाहिलेलं नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील, सिद्धरामअप्पा. उभी हयात शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा व्यापार केला आणि अंगानंही धंद्याला शोभतील असेच वाढले. त्या साली संक्रांतीनंतर एका सकाळी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. गेलेल्या हातापायांची ताकदसुद्धा जिभेतच उतरली असावी, असं माझी बायको शांतव्वा म्हणाली. अर्थात स्वयंपाकघरात, आणि हळू.

माझी थोरली बहीण आक्का हुपरीला दिलेली. बातमी कळताच ती बैलगाडीत गादी घालूनच आली. "चन्नू, तुला हे जमायचं न्हाय. तू कचेरी बघणार का अप्पांस्नी बघणार? मी न्हेतो त्येंस्नी."

आक्काच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिच्या घरी चांदीचे पैंजण घडवतात. भट्टीचा धूर आणि हातोड्यांची ठकठक दिवसभर चालू, आणि रिकामी खोली एकच, मागच्या अंगाला. अप्पांना आयुष्यात एकच शौक राहिला होता, तो म्हणजे आमच्या सोप्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारणं. ते गादीवरूनच गरजले, "मी ह्या सोप्यावरनं हलणार त्यो खांद्यावरनंच! तवर कुणाच्या बाला हलायचा न्हाय!"

"मग दिवाळीपतोर बघतो," आक्का म्हणाली. ती अप्पांचीच मुलगी. "दिवाळीला येतो. त्येंच्या पाठीला एक जरी जखम दिसली, न्हायतर ह्येंस्नी उचलायला घरात माणूस न्हाय असं दिसलं, तर गाडीत घालून न्हेणार. मग रडायचं न्हाय."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "अप्पा इथंच राहतील. मी व्यवस्था करतो." जकात कचेरीतल्या कारकुनाला व्यवस्था या शब्दाचा फार भरवसा असतो.

पहिली व्यवस्था मी आणि शांतव्वा. मी खांद्यांकडून, ती पायांकडून. अप्पा दोघांनाही सूचना देत होते, त्याही एकाच वेळी आणि उलटसुलट. शेजारच्या धोंडुबाई ताक मागायला आल्या, तेव्हा आम्ही तिघंही जमिनीवर होतो. "काय वं कारकून," त्या म्हणाल्या, "दिसाढवळ्या घरात काय खेळ मांडलाय?" संध्याकाळपर्यंत गंगावेशीपलीकडची माणसं मला वाटेत थांबवून कमरेची चौकशी करू लागली.

दुसरी व्यवस्था पिराजी आणि आकाराम. दोघंही अप्पांच्या ओळखीतले, पेठेतले हमाल. त्यांनी अप्पांना छान उचललं, पण आयुष्यभर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहायच्या सवयीनं. म्हणजे हुंकार देऊन पाठीवर घेतलं आणि सोप्यावर नेऊन टाकलं. अप्पा ओरडले, "अरं, मी काय गुळाचा रवा हाय व्हय?" पिराजी नम्रपणे म्हणाला, "न्हाय मालक. रवा बोलत न्हाय." शिवाय पेठेत गुळाच्या सौद्याच्या दिवशी दोघंही येत नसत. अशाच एका सौद्याच्या दिवशी अप्पा दुपार उलटून जाईतो एका कुशीवर पडून राहिले, आणि संध्याकाळी शांतव्वाला त्यांच्या पाठीवर लाल चट्टा दिसला. त्या रात्री मी जेवलो नाही. मला भीती वाटली, साधी सरळ भीती. आक्का बरोबर ठरणार आणि मी अप्पांना त्या धुरातल्या मागच्या खोलीत पाठवणार, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी समोरचे गणपतराव आले. हे पेन्शनीत निघालेले फौजदार. पेन्शन मिळते म्हणून सल्ला फुकट देतात. "कारकून, कोल्लापुरात ऱ्हाऊन उचलायला माणूस मिळंना म्हणतासा? लाज वाटायला पायजे. महाराजांच्या राज्यात गल्लोगल्ली तालमी हायत. पैलवान ठेवा की!"

असा दिलदार नावाचा पैलवान आमच्या घरात आला. मूळचा मुरगूडचा, वर्षभरापूर्वी कुस्तीत खांदा निखळला म्हणून मागं पडलेला. खांदा बसला होता, पण पुन्हा नाव काढीपर्यंत खुराकाचं कोण बघणार, हा प्रश्न होता. तो आला, अप्पांना वाकून सलाम केला, गुडघे मोडून त्यांच्या छातीला छाती लावली, आणि पुढं काय झालं ते मला दिसलंच नाही. अप्पांनी शिवी द्यायला सुरुवात केली ती माजघरात, आणि संपवली ती सोप्यावर.

"पगार किती घेणार?" मी विचारलं.

दिलदारनं कानाला हात लावला. "पगार नको रावसाहेब. पगार घेटला की मी नोकर झालो. मी पैलवान हाय. खुराक द्या."

मी आतल्या आत उडी मारली. पगार नको! एका माणसाचं जेवण ते किती? आमच्याकडे भाकरी काय कमी होती? कचेरीत मी हा सौदा तीन टेबलांवर सांगितला आणि चौथ्या टेबलावर जरा वाढवून सांगितला.

खुराक म्हणजे काय ते ठरवायला संध्याकाळी तालमीचे ख्वाजा वस्ताद स्वतः आले. त्यांचा एक कान कुस्तीत चुरगळलेला होता, आणि व्यवहाराचं बोलणं निघालं की त्यांना त्याच कानानं ऐकू येत नसे. ते बोलू लागले. पहाटे बदाम घोटून थंडाई. मेहनत झाली की म्हशीचं दूध, समोर धार काढलेलं. दुपारी तूप, किती ते वाटीनं सांगायचं नाही. मग केळी. संध्याकाळी परत दूध. मी भाकरीचा विषय काढला, तेव्हा वस्ताद हसले. "त्ये जेवण झालं रावसाहेब. जेवण येगळं, खुराक येगळा. आनि मटण."

"वस्ताद," मी हात जोडले, "आमचं घर लिंगायताचं. चुलीवर कांदासुद्धा विचारून चढतो."

इथं गणपतराव उठून उभे राहिले. माणुसकी म्हणतात ती अशी. "आमच्या घरात शिजंल! मटण तुमचं, चूल माझी. शेजारधर्म हाय!" त्यानंतर आमच्या खर्चानं आणलेलं मटण त्यांच्या घरी शिजू लागलं. त्याचा रस्सा दिलदारला पोचायचा. फोडींचं काय होत होतं ते गणपतरावांच्या कोटाच्या बटणांकडे पाहून मला हळूहळू उमगत गेलं.

मग पेठेतले चार शहाणे जमले. वाणी, सराफ, एक जंगम आणि विनाकारण आलेला एक. सोप्यावर बसून त्यांनी घसा साफ केला. घरात मुसलमान येतो, अप्पांच्या अंगाला हात लावतो, समाजात हे कसं दिसेल, वगैरे. मी कारकुनी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "बरुबर हाय तुमचं. त्याला नको म्हणतो. आता मला परसाकडं न्ह्याला पायजे. या, चौघं फुडं व्हा. धरा." चौघांनाही एकदम कामं आठवली. "माजी जात उचलताना त्येला जड वाटली न्हाय," अप्पा त्यांच्या पाठीवर ओरडले, "आनि तुमास्नी बघूनच जड झाली व्हय?"

जातीचा प्रश्न अप्पांनी सोडवला, पण दुधाचा माझ्यावरच राहिला. समोर धार काढलेलं दूध रोज दोन वेळा विकत घेणं म्हणजे माझा पगार गवळ्याच्या नावानं करून देणं. म्हणून मी म्हैस घ्यायचं ठरवलं. दिलदारनं मुरगूडच्या बाजारातून चांगली काळीभोर म्हैस पसंत केली, मागं पारडू. मी मोठ्या रुबाबात दोघांना घेऊन शहराच्या नाक्यावर आलो. नाक्यावरचा शिपाई माझ्याच हाताखालचा. त्यानं मला सलाम केला आणि म्हशीला अडवलं.

"जकात, रावसाहेब."

"अरे, घरच्या वापराची आहे."

"म्हस सोडतो की. पारडाचं काय?" त्यानं आतून हुकूम आणला. दुभत्या जनावराच्या मागं पारडू असल्यास ते वेगळं धरावं आणि म्हशीच्या नावाखाली फुकट सोडू नये, असा तो हुकूम होता. त्यातल्या अक्षराचं वळण मला फारच ओळखीचं वाटलं. तो मसुदा मीच केला होता, आणि साहेबांनी त्याबद्दल माझी पाठही थोपटली होती. मी पारडाची जकात भरली. मागं थांबलेल्या गाडीवाल्यांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं असावं, कारण ते बराच वेळ हसत होते.

तर अशी घरात म्हैस आली. म्हशीला वैरण आली, वैरणीला जागा म्हणून माझं पुस्तकांचं कपाट अडगळीत गेलं. शांतव्वाच्या पाटल्यांपैकी एक जोड बदामात विरघळली. मी विडी सोडली, तपकीर सोडली, आणि कोट उलटा करून शिवून घेतला. शिंप्यानं खिसा चुकीच्या बाजूला लावला, तोही चालवून घेतला, कारण त्यात ठेवायला काही उरलं नव्हतं. धोंडुबाई गल्लीत सांगत फिरत, "बापाला उचलायला ठेवलेल्या गड्याला पोसता पोसता लेकच उचलायला आलाय." मला राग यायचा. पण घरी आलो की अप्पा सोप्यावर बसलेले दिसायचे, अंगाला तेल लावून रगडलेलं, पाठ लख्ख, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "काय पावणं, कुणीकडं?" मग मी कोटाचा खिसा कुठल्या बाजूला आहे ते विसरायचो.

पावसाळा गेला. दिलदारचा खांदा भरला, छाती भरली. दिवसभर अप्पांना गादीवरून सोप्यावर, सोप्यावरून परसात, परसातून परत, असं उचलून उचलून त्याच्या मांड्या वाड्याच्या खांबासारख्या झाल्या. वस्ताद येऊन त्याच्याकडे नुसतं पाहत बसायचे. आणि नवरात्र बसायच्या आधीच निरोप आला. खासबागेच्या मैदानात दिलदारची कुस्ती लागली होती. समोर मिरजेकडचा नावाजलेला गडी.

अप्पांनी हट्ट धरला, मलाही न्या. त्यांना गाडीतून उतरवून मैदानात बसवलं ते दिलदारनंच, आणि मग तो लांग चढवायला गेला. मी खेळात कधी पडलो नव्हतो. पण सलामी झाली, माती उडाली, आणि मी उभा राहून ओरडत होतो, काय ओरडत होतो ते मलाच कळत नव्हतं. माझं दूध, माझं तूप, माझ्या बायकोच्या पाटल्या तिथं मातीत उभ्या होत्या! मिरजेच्या गड्यानं दोनदा दिलदारला खाली घेतलं. तिसऱ्यांदा दिलदार निसटला, गुडघे मोडून त्यानं छातीला छाती लावली, आणि ती पकड मी ओळखली. आमच्या माजघरात मी ती महिनोन्‌महिने पाहत होतो. गडी जमिनीवरून सुटला आणि पाठीवर आला. मैदान उठलं. फेटे उडाले. माझा रुमाल मी उडवला तो परत मिळाला नाही.

दिलदार पळत आला तो अप्पांच्या पायाशी. धापा टाकत म्हणाला, "अप्पा, त्यो तुमच्यापरीस हलका निगाला!"

अप्पा रडत होते, डाव्या डोळ्यानं जास्त. मीही रडलो. आणि रडता रडताच महाराजांच्या खाजगीकडचा कारभारी गर्दीतून वाट काढत येताना मला दिसला. दिलदारला दरबारी खुराक लागू झाला. अट एकच, मुक्काम सरकारी तालमीत.

मी त्याला असं पोसलं होतं, की तो आता आमच्याकडे राहण्यासारखा राहिला नव्हता. दिवाळी जवळ आली होती.

दिलदार दोन दिवस घुटमळला. "न्हाय जात मी. अप्पास्नी कोन उचलनार?"

"जा म्हनतो न्हवं!" अप्पांनी डाव्या हातानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "म्हाताऱ्याला उचलून कुणाच्या नावाचा डंका वाजतोय व्हय? जा, आनि हरून आलास तर ह्या दारात पाय ठिवू नको." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आक्काकडं बी काय वाईट न्हाय. नातवंडं हायत तिथं." अप्पा आयुष्यात पहिल्यांदा पडतं बोलले. मला ते ऐकवेना.

ख्वाजा वस्ताद फेटा आणि नारळ घेऊन माझा सत्कार करायला आले. "रावसाहेब, आमचा गडी तुमी तयार केलासा. तालीम तुमची देनेदार हाय. काय पायजे त्ये मागा."

मी म्हणालो, "मला उचलायला शिकवा."

वस्ताद हसले. मी हसलो नाही. मग तेही थांबले. "वय काय तुमचं?"

"वय विचारू नका. पहाटे किती वाजता येऊ ते सांगा."

चष्मा दोऱ्यानं डोक्याला बांधून आणि लंगोट लावून मी तालमीच्या मातीत उतरलो, ते दृश्य बघायला अर्धी पेठ खिडक्यांना लटकली होती. धोंडुबाईंनी तर सून आणली होती. माझ्या पोटऱ्यांबद्दल जे उद्गार निघाले ते मी कधीही विसरणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. वस्ताद म्हणाले, "कुस्ती तुमाला यायची न्हाय. तुमाला येकच गोष्ट शिकायची. पाठीनं उचलू नका, मांड्यांनी उचला. आदी खाली जा, मग वर या." मी खाली गेलो. वर दोन पोरांनी आणलं.

कमर धरली, मान आखडली. कचेरीत साहेबांनी विचारलं, "तुमच्या कानात हे लाल काय आहे?" मी म्हणालो, "माती." ते म्हणाले, "कशाची?" मी म्हणालो, "तालमीची." त्यानंतर ते माझ्याशी बरंच जपून बोलू लागले. रोज पहाटे मी जात होतो. तोवर अप्पांना उचलायला वस्ताद तालमीतली दोन पोरं पाठवत, पण दिवाळीपुरतीच. वस्तादांनी आधी वाळूचं पोतं दिलं, मग दोन. मग म्हणाले, "आता जितं वजन पायजे. वळवळ करनारं, बोलनारं." सगळ्यांची नजर तालमीच्या दारात बसलेल्या गणपतरावांकडे गेली. माझ्या मटणाच्या फोडींनी ते बरोबर अप्पांच्या मापाला आले होते.

"शेजारधर्म हाय, फौजदार," वस्ताद म्हणाले.

गणपतराव आठ-दहा दिवस रोज पहाटे पडले. कधी माझ्यासकट पडले, कधी एकटेच. सल्ला द्यायचं त्यांनी बंद केलं. आणि एका पहाटे मी खाली गेलो, छातीला छाती लावली, डोळे मिटले आणि वर आलो. गणपतराव माझ्या खांद्यावरून म्हणाले, "कारकून, आता सोडा की हो, माजा चा राहिलाय." मला त्यांना खाली ठेववेना.

नरकचतुर्दशीच्या सकाळी आक्का गाडी घेऊन आली. गादी घातलेली होती. तिनं आधी अप्पांची पाठ उघडी करून पाहिली, बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाली, "पाठ चांगली हाय. पैलवान गेला म्हणं तुमचा? मग उचलतंय कोण?"

मी कोट काढून खुंटीला लावला. अप्पा माझ्याकडे बघत होते आणि घाबरले होते, हे मला स्पष्ट दिसलं. मी गुडघे मोडले. त्यांचा डावा हात माझ्या मानेभोवती घेतला. छातीला छाती लागली तेव्हा त्यांचं काळीज धडधडताना मला जाणवत होतं. खाली गेलो. वर आलो. माजघर, उंबरा, सोपा. उंबऱ्यावर माझा पाय जरा लटपटला, तेव्हा अप्पा कानात ओरडले, "मांड्या! मांड्या, चन्नू!" मी त्यांना त्यांच्या जागेवर बसवलं, अगदी सावकाश.

अप्पांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला. "कवळा हाय अजून," ते आक्काला म्हणाले, "पर चालतंय. गाडी माघारी न्हे." मग रस्त्याकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "काय पावणं, कुणीकडं?" आक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि बैल सोडायला सांगितले. त्या दिवशी ती फराळ करूनच गेली.

त्यानंतर अप्पा आणखी बरीच वर्षं सोप्यावर बसले. मी तालीम सोडली नाही. अर्थात खुराक माझ्याकडे वळला. म्हैस होतीच, आणि शांतव्वा रोज पहाटे माझ्यासाठी बदाम घोटून दुधाचा तांब्या भरून ठेवी. पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की तांब्या अर्धाच असतो. मी आधी मांजरावर संशय घेतला, मग धोंडुबाईंवर. एकदा तालमीतून लवकर परतलो तर शांतव्वा परसात उभी होती. पदर खोचलेला, तांब्या तोंडाला लावलेला. दूध पिऊन झालं तशी तिनं वैरणीच्या भाऱ्याला मिठी मारली, गुडघे मोडले, खाली गेली आणि भारा घेऊन वर आली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

तिनं भारा जागेवर ठेवला आणि ओठांवरची साय पुसली. "मामंजींस्नी तुमी उचलतासा," ती म्हणाली, "तुमास्नी कोण उचलणार?"